माळ्यावरचं घुमट आणि लवकर गेलेला पात्रांव

अंत्रूजकार

चवथ तोंडावर आली म्हणून रविवारी माळा आवरायला घेतला. समया, गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची चौकट, गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळा, आणि अगदी मागे जुन्या साडीत गुंडाळलेलं घुमट, आरतीला वाजवायचं. साडी सोडली तर चामडं एका कडेनं फाटून आत वळलेलं. मातीचं भांडं शाबूत. त्याच्या गळ्यावर खिळ्यानं कोरलेलं 'प'. पात्रांवचा 'प'. बायकोनं खालून दोनदा हाक मारली तरी मी शिडीवरच बसून होतो.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पात्रांव म्हणजे मालक, पोर्तुगीजांच्या वेळचा शब्द. हा गडी भेटेल त्याला पात्रांव म्हणायचा. बसचा कंडक्टर पात्रांव, देवळातले भटजी पात्रांव, सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर पात्रांव, शेंबडं पोरसुद्धा पात्रांव. शेवटी गावानं ते नाव त्यालाच चिकटवलं. खरं नाव रेशन कार्डावर राहिलं.

धंद्यानं वायरमन. सहा फुटांच्या वर उंची, दंड असे की बाह्या उसवायच्या. आवाज असा की देवळाच्या अग्रशाळेत बोलला तर तळीवरच्या बायका वळून बघायच्या. पावसात अर्ध्या रात्री कोणाचीही वीज जाऊ दे, हा डोक्यावर प्लास्टिक घेऊन हजर. पैसे विचारले तर 'चवथीक नेवऱ्यो दी' म्हणायचा, नेवऱ्यो म्हणजे करंज्या. आणि नेवऱ्या खरंच मागायला यायचा, डबा घेऊन!

जत्रेच्या नाटकात बारा वर्षं तो भीम आणि मी त्याचा प्रॉम्प्टर. आमच्याकडचं नाटक तुम्हाला ठाऊक आहे, पालखी आत गेल्यावर मध्यरात्रीनंतर पडदा उघडणार आणि पहाटे कोंबडं आरवताना भरतवाक्य. पात्रांवचं पाठांतर शून्य. तालमीला यायचा तो पाव-भाजी खायला. वाक्य आठवेनासं झालं की मिशीवरून हात फिरवत विंगेकडे सरकायचा, मी वहीवर टॉर्च धरून पुढचं वाक्य पुटपुटायचो, आणि ते वाक्य तो असं फेकायचा की मलाच वाटायचं आपण हे लिहिलेलं नाही, याला आताच सुचलं.

एका वर्षी ऐन गदायुद्धात फ्यूज उडाला. मांडवभर काळोख. बायका पोरांना हाका मारतायत, कोणी शिट्ट्या मारतंय. तेवढ्यात रंगमंचावरून आवाज, 'कौरवांक सांगात, मात्शे रावात!' जरा थांबा म्हणून. मुकुट डोक्यावर, धोतर खोचलेलं, हा भीम खाली उतरला, खांबाजवळच्या पेटीपाशी गेला, आणि माझ्या हातात गदा देऊन म्हणाला, 'धर मरे.' टॉर्चच्या उजेडात मी बघत होतो. सोनेरी कागदाच्या बाजूबंदातून हात आत घालून दातांनी तार सोलतोय. पाच मिनिटांत उजेड. नाटक होतं तिथून पुढे. त्या टाळ्या दुर्योधन पडला तेव्हासुद्धा मिळाल्या नाहीत.

सदतिसाव्या वर्षी गेला. नरकासुराची रात्र, दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा उभा करायची. पोरांबरोबर जागून बांबू, गवत, कागद सगळं उभं केलं. तीनच्या सुमाराला मला म्हणाला, पात्रांव, हात भरून आलाय. मी म्हटलं, बांबू उचललेस ना दिवसभर, भरणारच. पहाटे नरकासुर जाळला, घरी गेला, छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायला आणि सोप्यावर बसला. आईनं अभ्यंगाचं तेल गरम करून आणलं तेव्हा तो बसलेलाच होता.

डावा हात होता. हे मी आजवर घरी सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या जत्रेला नवा मुलगा भीम झाला. चांगला केला त्यानं, सगळी वाक्यं तोंडपाठ. मी विंगेत नेहमीच्या जागी बसलो होतो, वही मांडीवर, टॉर्च हातात. तीन अंकांत एकदाही पेटवावी लागली नाही.

असा एखादा माणूस तुमच्याकडेही असेल, घर भरून उरणारा आणि अर्ध्यावर उठून गेलेला. लिहा ना. लांब, आखूड, कसंही. आणि हो, घुमटाचं चामडं बसवून देणारं कोणी फोंड्याच्या जवळपास आहे का? चवथीला ते वाजलं पाहिजे.

पेज आणि तोर

सकाळी डबे भरता भरता वाचायला घेतलं आणि भात करपला. 'आईनं तेल गरम करून आणलं' इथे थांबले. आता नाही लिहिता येणार, संध्याकाळी येते.

बेतीचा धक्का

आमचा तो फेरीबोटीवरचा. 1986 च्या 5 जुलैला मांडवीचा पूल पडला, आठवतं ना. आम्ही कॉलेजात, घर बार्देशात आणि कॉलेज पणजीत. मग काय, बेतीच्या धक्क्यावर रोज रांगा. धो धो पाऊस, छत्र्या एकमेकांच्या डोळ्यांत, आणि नव्यानं स्कूटर शिकलेल्या बायका त्या ओल्या उतारावर गाडी घालायला घाबरायच्या. हा पुढे व्हायचा. 'बाय, उतर, हांव घालतां.' एक स्कूटर बोटीत लावून परत पळत वर, दुसरी घ्यायला. आमची बोट सुटायची, हा धक्क्यावरच. पुढच्या बोटीनं यायचा, पहिला तास रोज बुडालेला.

कॉलेजनं हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू देणार नाही म्हटलं. तर ऑफिसबाहेर बारा-पंधरा बायका उभ्या. सचिवालयातल्या, बँकेतल्या, एक तर नऊवारीतली आजी, मासे विकून परत निघालेली, पाटी तशीच डोक्यावर. कोणी बोलावलं होतं त्यांना देव जाणे. बसला परीक्षेला.

सव्विसाव्या वर्षी हायवेवर गेला. स्वतःच्या गाडीवर. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं.

मी दोन्ही मुलांना गाडी घेऊन दिली तेव्हा एकच अट घातली. त्यांना वाटतं बाबा पोलिसांना घाबरतो.

दोडामार्गचो

अंत्रूजकार, तुमचा भीम वाचून आमच्या गावचा एक राजा आठवला. पण आमच्या दशावतारात प्रॉम्प्टर नसतोच, लिहिलेली संहिताच नाही, सगळं आयत्या वेळचं. तुमचा पात्रांव आमच्याकडे असता तर नाव काढलं असतं.

अंत्रूजकार

@दोडामार्गचो, हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. बारा वर्षं माझ्या टॉर्चचे सेल वाचले असते.

मडगांवची

माझी मैत्रीण. बाई माणूस चालतं ना इथे? सगळे बाप्येच लिहितायत.

आमच्या वाड्यावर पहिली मोटारसायकल चालवणारी ती. स्कूटर नाही, मोटारसायकल, भावाची. केसात अबोलीची फाती, पायात कोल्हापुरी, आणि ही धुरळा उडवत बाजारात. कॉलेजला जाताना एका खाजगी बसचा कंडक्टर अर्ध्या तिकिटावरून आमच्याशी हुज्जत घालायचा. एक दिवस ही दारातच उभी राहिली, बस हलू देईना. म्हणाली, 1978-79 मध्ये पोरांनी रस्त्यावर उतरून लाठ्या खाऊन ही सवलत मिळवली, माझा काका होता त्यांच्यात, तुला देता येत नसेल तर तू उतर, मी तिकिटं फाडते. सगळी बस हसली. त्यानं दिलं तिकीट. पुढे तिच्या लग्नात तोच कंडक्टर आहेर घेऊन आला होता!!

छत्तिसाव्या वर्षी गेली. स्तनाचा कर्करोग. गाठ लागली तेव्हा लेकीची परीक्षा होती म्हणून दोन महिने कोणाला बोलली नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही. तिच्यावरचाच राग.

केमोला मी बरोबर जायची. वॉर्डात जायची ती डबा घेऊन, सगळ्यांपुरतं खतखतं, मिसळीच्या भाज्यांचं, करून. स्वतःला घास जात नसे. शेजारच्या खाटेवरच्या आजी विचारायच्या, आज काय आणलंस गे? शेवटी शेवटी मीच करून न्यायची, पण तिच्या डब्यातून, कारण आजींना दुसऱ्या कोणाचं चालत नव्हतं.

फोनमध्ये तिचा एक निरोप आहे, आवाजाचा. नऊ सेकंद. 'आगो, पेज केल्या. करमलांचें लोणचें आसा. यो.' मागे कुकरची शिटी आणि कोणीतरी दार आपटतं. तीन फोन बदलले, दर वेळी आधी तो निरोप नव्या फोनमध्ये आला का बघते, मग बाकीचं.

शेंगदाणे

मडगांवची ताई, खतखत्यात तिरफळं घालता की नाही? आमच्या सासरी यावरून वाद आहे.

मडगांवची

@शेंगदाणे तिरफळाशिवाय खतखतं असतंच कसं बाय. ठेचून घाल, अख्खी घातलीस तर मुलांच्या दाताखाली येतात. भाज्या निदान पाच तरी हव्यात, आणि आमसूल अगदी शेवटी.

रात्रपाळी

अंत्रूजबाब, मी नर्स आहे, वीस वर्षं झाली. ड्यूटीवरून आत्ता बसमध्ये बसले आहे, म्हणून थोडक्यात.

हात बांबूनं भरला असं तुम्हीच नाही, सगळेच म्हणतात. डॉक्टरांच्या घरीसुद्धा म्हणतात. पस्तीस-सदतीसचा धट्टाकट्टा माणूस, कोण म्हणेल हार्ट म्हणून? आमच्याकडे असे येतात आणि बरोबरचा माणूस दारात उभा राहून हेच सांगतो, सिस्टर, मी म्हटलं गॅस असेल. मी काय म्हणणार. खांद्यावर हात ठेवते.

पण जे वाचतायत त्यांनी लक्षात ठेवा. छातीत जळजळ किंवा दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, उगाच दरदरून घाम, यातलं काही असेल तर सोडा नको, आडवं होणं नको, स्वतः गाडी चालवत जाणं तर नकोच. 108 ला फोन आणि सरळ जिथे ईसीजी निघतो तिथे. पहिला तास गेला की आमच्या हातात फार थोडं उरतं. बायकांना तर कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसतं मळमळतं आणि गळून गेल्यासारखं होतं.

आणि तुम्ही डॉक्टर नव्हता हो. मित्र होता. पहाटे तीनला त्याच्याबरोबर जागे होता.

अंत्रूजकार

सिस्टर, देव बरें करूं. यावर काय लिहू कळत नाही. बायकोला वाचून दाखवलं.

साळावली

आमचा दोस्त कुर्डीचा. म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. साळावली धरणात गाव गेलं तेव्हा तो शाळकरी पोर, घरच्यांना पुनर्वसनात दुसरीकडे जमीन मिळाली. पण बोलताना कायम 'आमच्या घरा' म्हणजे पाण्याखालचं घर.

दर मे महिन्यात पाणी उतरलं की तो सगळ्यांना हाकलत घेऊन जायचा. कामावर रजा टाका, बायकापोरं घ्या, चला. भेगाळलेली जमीन, माडांची काळी खोडं, घरांचे चौथरे. वर्षातला एक महिना गाव वर येतं, सोमेश्वराच्या देवळात लोक जमतात, ते बघितलं नसेल तर एकदा बघाच. हा चौथऱ्याचौथऱ्यावरून उड्या मारत फिरायचा, ही यांची पडवी, हा त्यांचा गोठा, इथे माझ्या आजीनं मला चोपलं होतं. स्वतःच्या चौथऱ्यावर पोचला की उकिडवा बसायचा. 'हांगा आमची रांदण.' दगड तीन, मधे चिखल. त्याच्यासमोर आम्ही दरवर्षी डबे उघडायचो. चुलीपुढे उपाशी बसायचं नाही म्हणायचा.

मग खाणीचे दिवस आले. कर्ज काढून ट्रक घेतला, एकाचे दोन केले. गावातल्या निम्म्या पोरांना ड्रायव्हर करून कामाला लावलं. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभे. चाकांत गवत वाढलं. हप्ते थांबत नाहीत ना. ड्रायव्हर पोरांना मात्र तो पुढे सात-आठ महिने घरून तांदूळ देत होता. आम्हाला हसून सांगायचा, होतील सुरू, दिवाळीपर्यंत होतील. झाल्या थोड्या आणि 2018 ला परत बंद.

त्याला दारूनं नेलं, लपवत नाही. बेचाळीस वर्षांचा होता. जो माणूस शंभर जणांच्या घोळक्यात बसायचा तो शेवटी एकटा प्यायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. फोन केला की आवाज तोच, हसणं तेच. 'यो मरे' म्हणायचा. गेलो असतो तर.

आता मे महिन्यात आम्ही जातो, त्याच्या मुलांना घेऊन. धाकटा विचारतो, आमचं घर कुठलं? मागच्या वर्षी गाळ इतका आला होता की ते तीन दगड सापडायला अर्धा तास लागला. मोठ्यानं काठी खोचून ठेवली आहे. पाण्यात राहणार नाही, पण खोचली.

तिसऱ्यो

साळावली, मी पण केप्याचा. ट्रक आमच्याकडेही उभा होता. एवढंच लिहितो.

साळावली

@तिसऱ्यो फोन नंबर तुमच्याकडे पाठवलाय. कधीही करा. खरंच कधीही.

पंचगंगा ते मांडवी

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे अठरा वर्षं पणजीत. आलो तेव्हा ओळख ना पाळख. बसस्टँडवर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला, पायलट म्हणतात इथे, दोन बॅगा आणि मी, तिघांना एका गाडीवर घेऊन निघाला. वाटेत विचारतो, जेवलास? नाही म्हटलं. भाड्याच्या खोलीवर न नेता घरी नेलं. बायकोनं हुमण, माशाची आमटी, वाढलं. मी म्हटलं, मी मासे खात नाही. तो म्हणाला, बरं, मग आज नुसतं हुमण खा, मासा उद्या. खरंच दुसऱ्या दिवशी दारात हजर.

त्याला अख्खी पणजी ओळखायची. कोणाचं पेन्शनचं काम, कोणाचं रक्त. रक्ताचं तर वेडच होतं त्याला. दर तीन महिन्यांनी स्वतः द्यायचा, नव्वद दिवस झाले की नाही हे कॅलेंडरवर गोल करून ठेवलेलं. मला पहिल्यांदा त्यानंच नेलं, सुई बघून मी डोळे मिटले तर माझ्या कानात मासळीचे भाव सांगत बसला. बांगडा अमुक, इसवण तमुक, सुंगटं तर विचारूच नकोस.

2021 चा मे महिना. दुसरी लाट. लोकांना औषधं पोचवत फिरत होता, आणि स्वतः आठ दिवसांत गेला. एकोणचाळीस. ज्याच्या मागे अर्धं शहर चाललं असतं, त्याच्याजवळ आम्ही चार जण होतो, तेही लांबून. मला अजून रस्त्यात पिवळा मडगार्ड दिसला की हात वर होतो.

आता नव्वद दिवसांचे गोल मी करतो. भाव मात्र मला पाठ नाहीत, शेजारच्या मुलाला सुईच्या वेळी मी कोल्हापूरच्या गुळाचे सांगितले.

पेज आणि तोर

आले परत. सगळं वाचलं. माझी गोष्ट लहान आहे.

शाळेतली मैत्रीण, बारावीत होतो. पावसाळ्यात धबधब्यावर गेली होती चुलत भावंडांबरोबर. लहान भाऊ पाण्यात ओढला गेला, ही मागोमाग उतरली. पोहायला यायचं नाही तिला. भाऊ वाचला.

तो भाऊ आता मुलांना पोहायला शिकवतो. माझी लेक त्याच्याकडेच जाते. फी घेत नाही माझ्याकडून. आम्ही दोघं तिच्याबद्दल कधीच बोललेलो नाही, नुसतं 'कशी आहेस ताई', 'बरी'. आज हे लिहून झाल्यावर वाटतंय शनिवारी बोलावं.

एक गाववाला

सगळ्यांना नमस्कार. लिहायची सवय नाही. आमचा मित्र धोंड होता, म्हणजे शिरगावच्या लईराई देवीचा व्रत धरणारा भक्त. व्रताचे दिवस आले की हा दुसराच माणूस. एरवी हसवून पोट दुखवणारा, तेव्हा ओल्या वस्त्रानं झरीवर, सोवळ्यातलं जेवण, एक वाईट शब्द नाही. पहाटे होमखणातून निखाऱ्यांवरून गेला की लगेच आम्हाला शोधत यायचा. तळपाय दाखवायचा, बघ, काय झालं का.

मूत्रपिंडं गेली त्याची. डायलिसिसला तीन वर्षं. तिथेही सगळ्यांना हसवायचा म्हणे. वेताची काठी घरात देवाजवळ आहे, लोकरीचे गोंडे लावलेली. एवढंच.

म्हापशेंकार दुकानदार

काल लिहिणार होतो, गिऱ्हाईक आलं. आज पण शुक्रवार, बाजार आहे. चामड्याचं विचारलंय त्याला कोणी उत्तर दिलं नाही म्हणून तेवढंच. घोरपडीचं मागू नका कोणाकडे, वन्यजीव कायद्यात बंदी आहे, तुरुंगवास होईल. आता सगळीकडे बोकडाचं. डिचोलीकडे कुंभारांची घरं आहेत, घुमटाचं भांडं तेच करतात, त्यांच्याकडे विचारलंत तर चामडं चढवणारा माणूस सांगतील.

ताल मात्रा

बोकडाच्या चामड्याला तो घोरपडीचा नाद नाही, हे खरं, पण नीट ताणलं तर जवळपास जातो. आमच्या आरती पथकात सगळी बोकडाचीच. 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, त्यानंतर पोरं शिकायला येऊ लागली आहेत, ही चांगली गोष्ट.

स्वतः चढवणार असाल तर सांगतो. चामडं रात्रभर पाण्यात. केस काढलेलं घ्या, जाड-बारीक नको, उजेडासमोर धरून बघा. रुंद तोंडावर टाकून काठाच्या खाली सुंभानं आवळायचं, दोघांनी. एकानं भांडं मांडीत धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. एकट्यानं होत नाही. मग सावकाश वाळू द्यायचं. घाईनं कडक उन्हात ठेवलंत तर मधे चिरतं.

अंत्रूजकार

@ताल मात्रा, ऊन कुठलं हो, पाच दिवस सूर्य दिसलेला नाही.

ताल मात्रा

मग चुलीच्या वरच्या फळीवर. चूल नसेल तर स्वयंपाकघरात उंचावर, गॅसची ऊब पुरते, दोन-तीन दिवस जास्त लागतील. आणि चवथीच्या दिवशी आरतीआधी निखाऱ्यावर जरा शेकायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

जायांची कळी

अंत्रूजकार काका, तुम्हाला एक विचारते. ती फ्यूजची जत्रा, पाऊस नव्हता पण दव फार होतं आणि खाज्यांच्या दुकानांच्या ओळीजवळ खांब होता, तीच का? मी तेव्हा सहा-सात वर्षांची. काळोख झाला तेव्हा आईचा हात सुटला. मी रडत त्या पेटीपाशी उभी होते. वीज आल्यावर समोर मुकुट घातलेला भीम. मी आणखी मोठ्यानं रडले.

त्यानं मला खांद्यावर घेतलं. 'पात्रांव, रडूं नाका' म्हणाला. मला पात्रांव म्हणाला! मग खाज्यांच्या दुकानावरून एक पुडी उचलून हातात दिली आणि मला तसंच खांद्यावर घेऊन रंगमंचावर गेला. पुढचं एक वाक्य मी वरून ऐकलंय. आईनं खालून बघितलं आणि ओरडली, ती गो म्हजें चेडूं! आमच्या घरी ही गोष्ट दर जत्रेला निघते. तो माणूस कोण, कुठला, आम्हाला कधीच कळलं नाही. आई म्हणते साक्षात भीमच होता.

अंत्रूजकार

तीच जत्रा.

तू ती पोर? मी विंगेत गदा घेऊन उभा होतो बाय. तो तुला घेऊन आला आणि मला गदा मागितली, मी म्हटलं, अरे पोर उतरव आधी. तर म्हणतो, आई सापडेपर्यंत कशी उतरवू? दुर्योधनाला तसंच उभं ठेवलं. खाज्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी देऊन आला, दुकानदार घेईना, त्यावरूनही भांडण.

त्याची आई अजून आहे. ऐंशीच्या वर. ऐकायला कमी येतं, पण हे मी तिला कानाजवळ बसून सांगणार. तुझ्या आईलाही सांग, भीम आमच्या वाड्यावरचा होता.

जायांची कळी

आई शेजारीच बसली आहे काका. तिला वाचून दाखवलं. विचारते, त्याच्या आईला भेटायला आलं तर चालेल का? नेवऱ्या घेऊन येतो म्हणते, तुम्ही वर लिहिलंय ना त्याला आवडायच्या.

अंत्रूजकार

चालेल काय विचारता. या. चवथीच्या आधी या, मग घरात गर्दी होते.

चामडं मिळालं काल, डिचोलीहून आणलं. रात्री भिजत घातलंय मोरीत, बादलीत. पात्रांवचा पुतण्या सकाळी येतोय, भांडं तो धरणार, ओढणार मी. सुंभ कुठल्या जाडीचं घ्यायचं, ताल मात्रा, तेवढं झोपायच्या आधी सांगा.

ताल मात्रा

करंगळीएवढं. ओलं करून घ्या.